ग्रिलमधलं फुलपाखरू-झुडूप

बोरिवली किंवा मुलुंडच्या नर्सरीत जाऊन ‘बटरफ्लाय बुश’ मागितलं, तर समोर काय येईल सांगता येत नाही. कुणी निळ्या गोकर्णाचा वेल पुढे करतं, कारण बाजारात त्याला ‘बटरफ्लाय पी’ म्हणतात. कुणी निळसर जांभळ्या फुलांचं एक क्लेरोडेन्ड्रम दाखवतं; त्याचं फूलच पंख उघडलेल्या फुलपाखरासारखं दिसतं, म्हणून त्यालाही हेच नाव चिकटलंय. आणि आपण परदेशी बागांच्या व्हिडिओत जे पाहिलेलं असतं, ते जांभळ्या लांबट तुऱ्यांचं, फुलपाखरांनी लगडलेलं झुडूप, ते बहुतेक वेळा नसतंच.

ते झुडूप म्हणजे बडलेया. मूळचं मध्य चीनच्या डोंगराळ भागातलं. युरोपात गेलं आणि तिथे इतकं रमलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधल्या बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या जागांवर आपोआप उगवून आलं. जमिनीत ते माणसाच्या डोक्यावरून जातं, म्हणून कुंडीत मावेल अशा बुटक्या जाती मुद्दाम तयार करण्यात आल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या डेनिस वर्नर यांनी काढलेली ‘ब्लू चिप’ ही त्यातली नावाजलेली. ती दोन-तीन फुटांत आटोपते.

अंधेरीच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र ती मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बडलेयाला कोरडी मुळं आवडतात आणि थोडी थंडी पडून मिळणारी विश्रांती लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, रात्रीही हवा दमट आणि उबदार राहते. भिजलेल्या मातीत तिची मुळं कुजतात. त्यातून वाचलीच, तर थंडीची वाट पाहत नुसती पानं काढत बसते. बडलेयाची एक जात आपल्या देशात रानात उगवते, बडलेया एशियाटिका, पांढऱ्या सुवासिक तुऱ्यांची. पण तीही पसरट, मोठी वाढणारी, खिडकीत न मावणारी.

तेव्हा नावाचा हट्ट सोडून बडलेयाचं काम कसं चालतं ते बघू. तसंच काम करणारं झुडूप मुंबईत मिळतं, आणि स्वस्तात मिळतं.

फुलपाखराला मध प्यायला दोन गोष्टी लागतात: पाय टेकायला जागा, आणि सोंड पोचेल एवढी नळी. बडलेयाच्या तुऱ्यात शेकडो बारीक नळ्या दाटीनं बसलेल्या असतात, म्हणजे एकदा बसलं की न उडता दहा-वीस पेले रिकामे करता येतात. आपल्याकडच्या पेंटासचा गुच्छ अगदी याच पद्धतीचा असतो. पाच पाकळ्यांची चांदणीसारखी छोटी फुलं, प्रत्येकाखाली दोनेक सेंटिमीटरची नळी, आणि गुच्छातली सगळी फुलं एकदम न उमलता आठवडाभर थोडी थोडी उमलणारी. एक्झोराचंही तसंच, फक्त नळी आणखी लांब. म्हणून एक्झोरावर कॉमन मॉर्मन, ब्लू मॉर्मन अशी लांब सोंडेची मोठी मंडळी दिसतात. ती नीट बसतही नाहीत, पंख फडफडवत फुलावरून फुलावर सरकतात. नखाएवढी निळी फुलपाखरं मात्र एक्झोराकडे फिरकत नाहीत, कारण त्यांची सोंड तळापर्यंत पोचत नाही. त्यांना उथळ फूल हवं. बुटकी घाणेरी, कुफिया किंवा कुंपणाकडेला उगवणारी एकदांडी त्यांना चालते. खिडकीत दोनच कुंड्या ठेवायच्या असतील, तर एक खोल नळीची आणि एक उथळ फुलाची ठेवावी. दोन एक्झोरा ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

घाणेरीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फुलपाखरांना ती फार प्रिय आहे, पण मूळची ती अमेरिकेची आणि आपल्या जंगलांत तिनं धुमाकूळ घातलाय. तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बिया पार रानात टाकतात. बोरिवली पूर्व किंवा मुलुंड पश्चिम, जिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान भिंतीला भिंत लावून आहे, तिथे फळ धरणारी घाणेरी लावणं मला पटत नाही. बुटक्या जातींपैकी काहींना फळं जवळजवळ येत नाहीत, त्या निवडाव्यात. तरीही हिरवे मणी दिसलेच, तर काळे व्हायच्या आत खुडावेत.

जातीच्या आधी खिडकीची दिशा पाहावी लागते आणि तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. उरलेलं सगळं वर्ष तो दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत उन्हाळ्याच्या शेवटी सावली आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरपूर ऊन, अशी स्थिती होते. फुलपाखरांचा मोसमही पावसाळा सरता सरता सुरू होतो, तेव्हा हे फार सोयीचं पडतं. पूर्वेची खिडकीही उत्तम. फुलपाखराचं अंग गार असलं की त्याला उडता येत नाही, सकाळी पंख पसरून ते ऊन खातं आणि मगच कामाला लागतं. त्या वेळी ऊन जिथे आहे तिथेच ते येणार. पश्चिमेच्या खिडकीत फुलं येतात, पण दुपारी तापलेली भिंत कुंडी भाजून काढते, आणि पावसाचा झोडपाही तिथेच सगळ्यात जास्त. उत्तरेच्या खिडकीत हा खटाटोप करू नये, तिथे नेचे लावावेत. चार तास थेट ऊन, हा किमान हिशोब.

मजल्याचाही प्रश्न आहेच. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत फुलपाखरं सहज येतात, कारण आवारातल्या झाडांचे शेंडे तिथवर असतात. विसाव्या मजल्यावर पेंटास फुलेल, पाहुणे क्वचित येतील. उपनगरांत आणखी एक अडथळा असतो, कबुतरजाळी. छोटी फुलपाखरं जाळीच्या चौकोनातून ये-जा करतात. मोठं मॉर्मन पंख मिटून आत शिरायचे कष्ट घेत नाही, जाळीला एक चक्कर मारून निघून जातं. यावर उपाय म्हणजे झुडूप जाळीला अगदी चिकटून ठेवायचं, म्हणजे फुलांचे गुच्छ चौकोनातून बाहेर डोकावतात आणि फुलपाखराला बाहेरच्या बाहेर जेवता येतं. कुंडी मात्र ग्रिलच्या आतच हवी. दहा इंची कुंडी भिजली की आठ-दहा किलोंची होते, आणि ती खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू नये ही सोसायटीची अपेक्षा अगदी रास्त आहे.

कुंडी दहा इंची पुरे. आठ इंचीत पेंटास जगतं, पण एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागतं. मातीचं मिश्रण पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून करावं. नर्सरीची लाल माती नुसती भरली, तर पहिल्या दोन मुसळधार पावसांत ती थापली जाऊन विटेसारखी होते आणि पाणी वरच तुंबतं. दोन भाग लाल माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा आणि त्याहून थोडं कमी कोकोपीट, इतकं पुरतं. कोकोपीट उन्हाळ्यात ओल धरतं म्हणून लोक हात सैल सोडून घालतात, पण जुलैत तीच ओल नडते. एक्झोराला किंचित आंबट माती आवडते. सिमेंटच्या कट्ट्याला लागून ठेवलं आणि वरून चुन्याचं पाणी झिरपत राहिलं, की त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत वाढवून हे बरं होत नाही, कुंडी हलवावी लागते.

आता बुटकेपणाकडे येऊ. माझ्या मते हा सगळा मामला जातीवर कमी आणि कात्रीवर जास्त अवलंबून असतो.

फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते फांदीतून खाली उतरत राहतं. त्याचा असर असेपर्यंत पानांच्या बेचक्यातले डोळे झोपून राहतात, झाड एकाच दिशेनं वर जातं. शेंडा खुडला की हा दाब उठतो. पेंटासची पानं जोडीनं समोरासमोर येतात, त्यामुळे खुडलेल्या जागेखाली दोन डोळे एकदम जागे होतात. एकाच्या दोन फांद्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पेंटासमध्ये फूल येतं ते नेहमी नव्या फांदीच्या टोकाला, म्हणून जितकी टोकं तितके गुच्छ. झुडूप बुटकं राहणं आणि भरगच्च फुलणं ही दोन कामं एकाच कातरीत होतात, ती अशी. नर्सरीतून आणलेलं रोप कधी कधी आधीच गोंडस, आखूड असतं, ते वाढ रोखणाऱ्या औषधामुळे. त्याचा असर ओसरला की घरी आल्यावर ते एकदम लांबू लागतं, आणि माळी फसवून गेला असं वाटतं. तसं काही नसतं. आता काम आपल्या हाती आलंय एवढंच.

रोजची छाटणी सोपी आहे. गुच्छ तपकिरी पडला, की त्याच्या खाली पानांच्या दोन जोड्या सोडून कापायचं. नुसती सुकलेली फुलं चिमटीनं ओढून काढली, तर देठ तिथेच राहतो आणि फुटवा वरच्या वर येतो. झाड हळूहळू खालून उघडं पडतं. म्हणून हात थोडा निष्ठुर हवा.

वर्षातून एकदा मोठी छाटणी. पेंटास कापल्यापासून पुन्हा भरात यायला साधारण दीड-दोन महिने घेतं. मुंबईत फुलपाखरं सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून वाढतात, कारण पावसात रानातली आणि आवारातली पानं कोवळी, भरपूर असतात, अळ्या त्यांवर पोसल्या जातात आणि ऊन पडायला लागतं तेव्हा पंख फुटलेल्या नव्या पिढ्या बाहेर पडतात. तेव्हा नवरात्रात झुडूप फुललेलं हवं असेल, तर मोजून मागे यावं. नागपंचमी ते घटस्थापना यांत जवळजवळ आठ आठवडे असतात. नागपंचमीला काही चिरू-कापू नये म्हणतात, तर दुसऱ्या दिवशी कात्री घ्यावी. श्रावणातली एखादी उघडीप बघून झुडूप निम्म्यावर आणावं, म्हणजे वीतभर-दीड वीत उरेल इतकं. त्यानंतर मूठभर गांडूळखत. युरियासारखं नत्राचं खत मात्र नको. त्यानं झाड पानांनी माजतं, फुलं लांबतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा चढतो.

कापलेले शेंडे फेकू नयेत. चार बोटांचा तुकडा, खालची पानं काढून, ओल्या मातीत खोचला की पावसाळी हवेत दोन-तीन आठवड्यांत मूळ धरतो. पेंटास दोन वर्षांनी बुंध्याशी लाकडासारखं होतं आणि फुलं रोडावतात. तोवर ही पोरं तयार असलेली बरी.

एक्झोराला हा नियम लावू नये. ते संथ आहे, त्याच्या कळ्या शेंड्यात फार आधीपासून तयार होत असतात. कुंपणाच्या मेंदीसारखं दर पंधरा दिवसांनी कातरत राहिलं, तर हिरवा गोळा मिळतो, फूल नाही. बहर संपला की एकदाच हलकी छाटणी करून सोडून द्यावं. बुटकी घाणेरी उलट काहीही सोसते.

जून-जुलैत करायचं फारसं काही नसतं. कुंडीखाली विटेचे दोन तुकडे देऊन भोक मोकळं ठेवावं. थाळ्या काढून टाकाव्यात; त्यांत साचलेल्या पाण्यात एडिस डास अंडी घालतो, आणि पालिकेची माणसं तपासणीला आली की पहिल्यांदा थाळीच उचलून बघतात. पानांवर डाग पडले, फुलं काळवंडली, तर ती काढून टाकून वाट पाहावी. औषध फवारू नये. एरवीही फवारू नये, आणि कडुलिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ आहे म्हणून त्याला सूट नाही. पिठ्या ढेकूण मरतो तसं अळीचं खाणंही त्यानं बंद पडतं. पिठ्या पाण्याच्या जोरदार धारेनं आणि जुन्या टूथब्रशनं जातो, थोडा वेळ लागतो इतकंच. नवीन आणलेल्या रोपावर नर्सरीत फवारणी झालेली असते असं धरूनच चालावं. महिनाभर ते बाजूला ठेवून त्याचे गुच्छ खुडत राहावं, नवी वाढ फुलली की मग पंगतीत बसवावं.

इथवर केलं तर फुलपाखरं येतात, पण पितात आणि जातात. बडलेयावर परदेशातही हाच आक्षेप आहे. तिथल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या तिची पानं खात नाहीत, आणि झुडूप मात्र बिया उधळत रानात घुसतं. फुलपाखराची मादी अंडी कुठेही घालत नाही. ती पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान थोपटते आणि त्या पायांनीच त्याची चव घेते. ओळखीची चव असेल तर पोट वाकवून एक अंडं, मग पुढचं पान. तेव्हा पेंटासशेजारी पानांची एक कुंडी लागते, आणि मुंबईकराच्या खिडकीत ती बहुतेक असतेच: कढीपत्ता.

कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन आणि लाइम ही दोन फुलपाखरं अंडी घालतात. लिंबाचं रोप असेल तर तिथेही. मोहरीएवढं पिवळसर अंडं, तीन-चार दिवसांत त्यातून निघणारी अळी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी; म्हणून चिमणी-बुलबुल तिला सोडून देतात, आणि बरेच लोक घाण समजून पुसून टाकतात. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून तांबडा-केशरी दुभागलेला अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरायचं कारण नाही, ती चावत नाही. घरात कुरबूर होते ती फोडणीवरून. एक अळी शेवटच्या चार दिवसांत आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त खाते, आणि फूटभर उंचीचं रोप तीन अळ्या बोडकं करू शकतात. माझी शिफारस दोन रोपांची: एक स्वयंपाकाचं आतल्या बाजूला, एक त्यांचं बाहेर. बोडकं झालेलं रोप मरत नाही, तीन आठवड्यांत पुन्हा पालवतं. आणि सगळ्या अळ्या मोठ्या होतील असंही नाही. गांधीलमाश्या आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माश्या त्यांतल्या बऱ्याच नेतात.

जागा आणखी असेल तर निवड आजूबाजूला काय आहे त्यावर करावी. घाटकोपर-अंधेरीच्या जुन्या सोसायट्यांत कंपाउंडला लागून खोट्या अशोकाची रांग असते. त्यावर टेल्ड जे हे हिरव्या ठिपक्यांचं, कधी स्वस्थ न बसणारं फुलपाखरू वाढतं, म्हणजे पानांची सोय आधीच आहे, आपण फक्त फुलं द्यायची. लॉबीतल्या अरेका पामवर पामफ्लाय असतं. कुंडीत आपोआप उगवणारी आंबुटी उपटू नका, नखाएवढं पेल ग्रास ब्लू तिच्यावरच वाढतं. कृष्णकमळाचा वेल असेल तर टॉनी कोस्टरच्या काटेरी अळ्या येतील. प्लेन टायगरसाठी रुई लागते; ती खिडकीत मावत नाही, पण सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात आलेली रुई तोडू नका एवढं माळ्याला सांगता येतं. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये.

ब्लू मॉर्मन, ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू ठरवलं, तेही लिंबाच्या कुळावरच वाढतं. उद्यानाच्या कडेला, बोरिवली-मुलुंडकडे ते एक्झोरावर येताना दिसतं. अंधेरी पश्चिमेला ते आलं तर नशीब समजावं. कोणतं झाड कुणाला लागतं हे प्रत्यक्ष बघून घ्यायचं असेल, तर गोरेगावला चित्रनगरीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं केंद्र आहे, आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राजेंद्र ओवळेकर यांनी स्वतःच्या जमिनीवर उभी केलेली ओवळेकर वाडी. मी तरी दुकानात जाण्याआधी तिथे जायला सांगेन. एक्झोरापुढे अर्धा तास उभं राहिलं की कोणत्या फुलाला गिऱ्हाईक आहे आणि कोणतं नुसतं शोभेचं आहे ते कळतं. दुहेरी पाकळ्यांचे गुबगुबीत झेंडू बघायला छान, पण पाकळ्यांच्या गर्दीत सोंड शिरायला वाट शोधावी लागते.

राहिली एक सूचना, ती दिवाळीच्या साफसफाईसाठी. पोट भरलेली अळी बरेचदा कढीपत्ता सोडून चालू लागते आणि कोषासाठी सुरक्षित जागा शोधते: ग्रिलची सळई, एसीच्या बाहेरच्या युनिटची बाजू, कुंडीचा काठ, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. शेपटीकडून चिकटलेला आणि कमरेला रेशमाचा एकच धागा बांधून तिरका टेकलेला तो कोष, हिरवा किंवा तपकिरी, सुकलेल्या पानासारखा दिसतो. ग्रिल पुसायच्या, धुवायच्या किंवा रंगवायच्या आधी सळया मागच्या बाजूनं तपासाव्यात. कोष सापडला तर त्या हातभर जागेचं काम दहा-बारा दिवस थांबवावं. रंगारी थांबायला तयार नसेल, तर चिकटलेलं टोक पाण्यानं भिजवून, नखानं रेशमाच्या गादीसकट अलगद सोडवावं आणि खडबडीत काडीला दोऱ्यानं बांधून ती काडी कुंडीत उभी खोचावी. कोषाचं डोकं वरच्या बाजूला हवं, आणि पंख लोंबकळायला खाली मोकळी जागा. बाहेर पडलेल्या फुलपाखराला पंख ताणून वाळवायला तास-दोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात त्याला मदतीचा हात लावायचा नाही.